शनिवारचा पाट

ठाकुर्ली,
मंगळवार

प्रिय साकेत,

हे पत्र भावनाच्या हाती पाठवतेय. ती तुझ्याच बिल्डिंगमध्ये राहते म्हणून नव्हे, तर तुझ्या हातात ठेवल्याशिवाय ती दारातून हलणार नाही म्हणून. मेसेज केला असता तर तू वरच्या दोन ओळी वाचून ‘हो हो, बोलू’ असं पाठवलं असतंस, आणि फोन केला असता तर मीच मधे कुठेतरी गप्प झाले असते. लग्न पुढे ढकलू या असं मी म्हटल्यापासून तू रागावला आहेस. रागव, तुला तो हक्क आहे. तुझ्या आईंनी हॉलवाल्याला, केटररला, साताऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना काय काय सांगून वेळ मारून नेली असेल त्याची मला कल्पना आहे. माझ्या मनात दुसरं कुणी आलंय असं तू भावनाजवळ म्हणालास. खोटं कशाला बोलू, तुझा अंदाज अगदीच चुकलेला नाही, पण तू समजतोस तसंही ते नाही. मला लग्न तुझ्याशीच करायचं आहे. ते होईल की नाही हे ज्या गोष्टीवर अडलंय ती सांगायला बसले आहे. वाचताना हसू आलं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

सुरुवात तुला माहीतच आहे. जमीन आहे पण शेती करायची नाही, अशी आमच्या आगरी पोरांची जी पिढी आहे, माझा चुलतभाऊ मयूरदादा तिचा म्होरक्या. खडवलीला नदीकाठच्या भाताच्या खाचरावर त्याने फार्महाऊस बांधलं आणि घोडबंदर रोडच्या उंच उंच मजल्यांवर राहणाऱ्या लोकांना गाव दाखवायचं मनावर घेतलं. ‘शनिवार-रविवार गावाकडे’. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीनंतर वारली चित्रं आणि कुंभाराचं चाक, संध्याकाळी चक्री भजन, मग चुलीवरचं जेवण. लोकांनी चिखलातल्या पायांचे फोटो काढायचे आणि पाय धुऊन परत जायचं. मी त्याची थट्टा करायचे, पण आठवडाभर बँकेत मान मोडल्यावर शनिवारी तिथल्या नोंदणीच्या टेबलावर बसायला मलाही आवडायचं. तिथेच तू आलास, वारली रंगवायला, आणि सगळे ब्रश धुऊन वाळत घातल्यावर पोचलास. ‘ट्रॅफिक,’ म्हणालास. मी उरलेलं तांदळाचं पीठ कालवून दिलं आणि तू त्यातून जे बैल काढलेस त्यांना आजवर कुणी बैल म्हटलेलं नाही.

त्या दिवसापासून मी तुझी वाट बघतेय. तक्रार म्हणून नाही लिहीत. काही बायकांना वाट बघणं जमत नाही, मला जमतं. स्टेशनवर बघितली, हॉटेलात बघितली, आपल्या साखरपुड्यालाही गुरुजी घड्याळ दाखवत होते आणि मी खिडकीशी उभी होते. तू आलास की तुझा तो घामेजलेला, ओशाळलेला चेहरा बघून माझा राग जायचा. मला वाटायचं, वाट बघायला लावणारा माणूस निदान येतो तरी. तेवढ्यावर संसार होतो.

साखरपुड्यानंतर मयूरदादाच्या डोक्यात धवले शिरले. धवले म्हणजे आमच्या लग्नातली गाणी. ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि आमच्या गावात तिने गायल्याशिवाय लग्न लागलं असं म्हातारी माणसं मानत नाहीत, मग गुरुजी कितीही मोठ्याने मंगलाष्टकं म्हणोत. आमची धवलारीण शकूआत्या, बाबांची थोरली बहीण. तिने स्वतः लग्न केलं नाही. का नाही, हे घरात कुणी विचारत नसे, आणि मला तर ती जन्मजात म्हातारीच वाटायची. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं तिने गायली आहेत. तिचे नियम पक्के. धवल्यात एका ओळीत नवऱ्याचं नाव येतं, ते एकदा नवरीला लागलं की बदलत नाही. आणि गाण्याआधी ती मांडवाबाहेर, अगदी हद्दीला, केळीचं एक पान मांडते. त्यावर हळद, तांदूळ, शेजारी पाण्याचा तांब्या. ते पान हळदीच्या अंगाने गेलेल्यांचं, म्हणजे ज्यांना हळद लागली पण लग्न लागायच्या आत जे मेले त्यांचं. धवल्यात सगळ्यांना बोलावणं असतं, देवांना, पूर्वजांना, शिवेला, नदीला. ते ऐकून हेही येतात. त्यांचा मान बाहेर मांडला की बाहेर बसून लग्न बघतात आणि निघून जातात. लहानपणी खेळता खेळता मी ते पान ओलांडलं तेव्हा आत्याने मला असं बदडलं होतं की आईने मधे पडून सोडवलं.

पाहुण्यांसमोर गायला ती आधी मुळीच तयार नव्हती. ‘लगीन नाय तं धवला कला?’ म्हणजे कशाला, एवढंच म्हणायची. मयूरदादा म्हणाला, ‘अगं आत्या, लग्न खोटं नाहीये, संचिताचं होणारच आहे ना वैशाखात. ती बसेल, साकेत बसेल, रिहर्सल समज.’ तरी नाही. मग बोलता बोलता त्याने कार्यक्रमाची जागा सांगितली, नदीकाठचं खाचर. दुसऱ्याच दिवशी आत्याचा निरोप आला की येते. मयूरदादाला वाटलं त्याच्या बोलण्याचा गुण. त्याने तासाभराचा कार्यक्रम आखला, हळद, धवले, अंतरपाट, अक्षता, सगळं त्यात बसवायचं. बाहेरच्या पानाला त्याने काट मारली, कारण ते फाटकाबाहेर असणार आणि खुर्च्यांवरून कुणाला दिसणार नाही. मला वाटलं आता आत्या उठून जाणार. ती ‘बरं’ म्हणाली.

पहिला कार्यक्रम संक्रांतीनंतरच्या शनिवारी. चार वाजताचं स्वच्छ ऊन होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण असलं काही अंधारातच होतं असं तुला वाटेल. खुर्च्या भरल्या होत्या, चहा फिरत होता. मी हिरवी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून, हाताला हळद लावून पाटावर बसले होते, समोर तुझा पाट. तू गायमुखला अडकला होतास. दर थोड्या वेळाने लोकेशन पाठवत होतास आणि तो निळा ठिपका जागचा हलत नव्हता. लोक घड्याळं बघायला लागले तसा मयूरदादाने माईक घेतला आणि म्हणाला, ‘नवरदेव ट्रॅफिकमध्ये आहेत, पण पाट रिकामा समजू नका. ज्याला यायचंय तो येऊन बसेल.’ सगळे हसले, मीही हसले. आत्याने डोळे मिटले आणि सुरू केलं. तिचा आवाज एरवी बसका आहे, गाताना त्याला धार येते. देवांना बोलावून झालं, शिवेला झालं, नदीला झालं. मग दोन बायकांनी दोन्ही पाटांच्या मधे अंतरपाट धरला आणि प्रत्येक नवरी करते तेच मी केलं, त्याच्या खालून पलीकडे बघितलं. तुझा पाट ओला होता. पाणी सांडलं की पसरतं तसा नाही. भिजलेल्या कपड्यांनी कुणी मांडी घालून बसावं तेवढाच, मधोमध. कुणाचा तरी तांब्या कलंडला असेल असं मनाशी म्हणत होते, तेवढ्यात नावाची ओळ आली. तुझं नाव आमच्या बोलीत कसं ऐकू येतं म्हणून मी कान देऊन बसले होते. आत्याने उत्तम हे नाव घेतलं.

पाहुण्यांना काय फरक पडणार होता. त्यांनी अक्षता मनसोक्त उधळल्या. माझ्या केसांत, आत्याच्या मांडीवर, चहाच्या कपांत तांदूळच तांदूळ. सगळे जेवायला उठल्यावर मी आवरायला वाकले, तर तुझ्या पाटाभोवती तांदळाचा सडा पडला होता आणि पाटावर एक दाणा नव्हता. हात लावून बघितला. तोवर कोरडा झाला होता, पण दिवसभर उन्हात असून गारठलेला. मयूरदादाला नावाचं विचारलं तर म्हणाला, वयाने विसरली असेल, जाऊ दे. तू पोचलास तेव्हा भाकऱ्या वाढल्या जात होत्या. इतका ओशाळला होतास की उभ्याउभ्याच जेवलास. तुला आणखी कशाला काही सांगायचं म्हणून मी बोलले नाही.

कार्यक्रम लोकांना फार आवडला. मयूरदादाने तो दर शनिवारचाच केला आणि जिला महिनाभर विनवावं लागलं होतं ती आत्या आता शुक्रवारपासून लुगडं घडी घालून तयार असायची. पुढच्या शनिवारी तुझं ऑफिसचं काम निघालं. सुहासिनीकाकू आठवतात ना, तुमच्या शेजारच्या टॉवरमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्या गावाकडचा एक कार्यक्रम सोडत नाहीत आणि सगळ्यांच्या उच्चारांत चुका काढतात? त्या पहिल्या रांगेत होत्या, डोळ्यांवर चष्मा लावून. जेवताना माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘तुझे मिस्टर फार शांत आहेत हो. हल्लीची मुलं इतका वेळ मांडी मोडल्याशिवाय बसत नाहीत. फक्त त्यांना म्हणावं, ओल्या अंगाने बसू नका, बाधेल.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तुझी गाडी फाटकातून आत आली ती त्यानंतर. तू काकूंना वाकून नमस्कार केलास आणि त्यांनी तुला विचारलं, ‘आपण कोण?’ तुला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं.

दोन-तीन शनिवार तुझी अशीच धावपळ बघून मयूरदादाला माझी दया आली आणि त्याने बदली नवरदेव आणला, त्याचा मेहुणा कमलेश. अंगाने दांडगा, ग्रामपंचायतीला उभा राहून पडलेला, भूत भेटलं तर त्याच्याकडेही मत मागेल असा माणूस. फेटा बांधून तो मोठ्या ऐटीत आला, पाटाशी वाकला आणि सवयीने म्हणाला, ‘सरका जरा, दादा.’ आणि थांबला. सभेत किंवा गाडीत शेजारचा सरकेल म्हणून आपण थांबतो, तसा. मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फेटा काढून हातात घेतला आणि मागे चुलीपाशी जाऊन बसला. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. कमलेश त्यानंतर खडवलीला आलेला नाही. मी फोन केला तर एवढंच म्हणाला, ‘ताई, तिकडं जागा भरलेली हाय. तुमी पन नका बसू.’

पण मी बसत राहिले. का, ते आता लिहिते, आणि हे लिहायला मला जड जातंय. त्या दिवसांत मी रिक्षात कडेला सरकून बसायला लागले. जेवताना माझ्या उजव्या हाताची जागा मोकळी ठेवायला लागले. आईने विचारलं, कुणासाठी जागा धरतेस, तेव्हा माझ्या लक्षात आलं. अंगाला हळदीचा वास यायला लागला, साबणाने न जाणारा. बँकेत शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणते, घरात कुणाचं लग्न आहे का गं? या सगळ्याने मी घाबरले असते तर बरं झालं असतं. मी घाबरले नाही. शनिवारी पाटावर बसले की मला फोन बघावासा वाटत नाही. तुझा ठिपका कुठवर आला याचा विचार येत नाही. अंतरपाट धरला की मी खाली बघते, आणि समोर कुणीतरी माझ्याआधीच येऊन बसलेलं असतं. एकदाही उशीर नाही, एकदाही कारण नाही. मी तुला टोमणा मारतेय असं वाटेल. थोडा मारतेयही. पण जे होतंय ते असं होतंय.

फाल्गुन लागला आणि खऱ्या लग्नाचे धवले ठरवायला मी आत्याकडे गेले. ती अंगणात सुकट निवडत होती. माझं ऐकून घेतलं आणि मान न वर करता म्हणाली, ‘तुजा धवला गायलाय मी. नाव लागलंय. दोन नावां नाय लागत.’ मी म्हटलं, आत्या, ते तर नाटक होतं. ‘गाना नाटक नस्तं गो,’ ती म्हणाली. मग मी विचारलं, उत्तम कोण? मला वाटलं ती टाळेल. तिने सरळ सांगितलं, जणू इतकी वर्षं कुणी विचारायचीच खोटी होती. उत्तम पलीकडच्या पाड्यातला. तिचा नवरा व्हायचा होता. दोन्ही घरी हळद लागली होती. विधीचं पाणी नवऱ्याने स्वतः नदीवरून आणायचं म्हणून तो भर दुपारी घागर घेऊन गेला आणि घसरला. लोकांनी त्याला बाहेर काढला तेव्हा अंगाची हळद तशीच होती. इकडे बायकांनी आत्याची हळद आतल्या खोलीत धुऊन टाकली. नंतर आलेल्या एकाही स्थळाला ती हो म्हणाली नाही. जी धवलारीण तिचं लग्न गाणार होती तिच्याकडूनच ती धवले शिकली. मयूरदादाचं फार्महाऊस ज्या खाचरावर आहे ते तेव्हा उत्तमच्या घरचं होतं. त्याचा मांडव तिथेच घातला होता.

जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांत हद्दीवर ती जे पान मांडत आली ते कुणासाठी, हे मला तेव्हा कळलं. मयूरदादाने पानाला काट मारली तेव्हा ती ‘बरं’ का म्हणाली, तेही कळलं. मला तिचा राग यायला हवा होता. मी तिच्या भावाची मुलगी, तिने मला जाणूनबुजून त्या पाटासमोर बसवलं. राग येतही होता, पण तिने हातातली सुकट तशीच धरून विचारलं, ‘सगल्यांना दिसतो तो. मना नाय दिसत. डोले उघडतंय तं पाट रिकामा. तुना दिसतो काय गो? म्हातारा झालाय काय?’ साकेत, तोवर मला अंतरपाटाखालून पाय दिसायला लागले होते. हळदीने पिवळे झालेले, तळव्यांना नदीचा गाळ लागलेला, तरुण माणसाचे पाय. मी म्हटलं, नाही आत्या, तसाच आहे. आणि पायांवरून जे कळतं ते सगळं तिला सांगितलं, उंच असावा, मांडी घालून स्वस्थ बसतो, अंगठा जरासा वाकडा आहे. वाकड्या अंगठ्याचं ऐकून ती लाजली. सत्तरीची बाई पदर तोंडावर ओढून लाजली. आणि मला एकदम कसंसं झालं, कारण तिच्या माणसाबद्दल मी तिला माझ्या माणसासारखं सांगत होते. घरी येऊन मी तुला फोन केला आणि लग्न पुढे ढकललं. नाव न बदलता मी वैशाखात तुझ्यासमोर उभी राहिले असते तर तुझ्यामाझ्यामध्ये कायम कुणीतरी बसलेलं राहिलं असतं.

त्यानंतरही एक शनिवार झाला. मी जाणार नाही असं ठरवलं होतं आणि दुपारी हिरवी साडी नेसलेलीच होते. जे तिथे झालं त्यात नवीन काही नाही, फक्त या वेळी अंतरपाट दूर झाला तेव्हा मी मान वर केली नाही. मला वाटलं, वर बघितलं आणि चेहरा दिसला, तर संपलं. आत्याने हे बघितलं असणार. कारण परवा रविवारी ती ठाकुर्लीला आली, जिने चढून, कुणालाही न सांगता. पाणी प्यायली आणि म्हणाली, एकदा शेवटचं गाते, आणि या वेळी पान मांडते. त्याला बाहेर बोलावून त्याचा मान देते, म्हणजे तुला लागलेलं त्याचं नाव सुटेल, आणि आत साकेतचं नाव घेते. मी तिला विचारलं, तुला जमेल का गं? तशी म्हणाली, ‘त्याला एकल्याला कला बसवू बाहेर? मी पन बसन पानाजवल. तिकडूनच गान.’ आयुष्यात पहिल्यांदा ती मांडवाच्या बाहेर बसून गाणार आहे. जाताना दारात थांबून एवढं मात्र बजावून गेली, ‘पाट रिकामा ठेवू नको. रिकामा दिसला तं माजे तोंडान कुनाचा नाव येल ते मी नाय सांगू शकत. मी पन मानूसच हाय.’

तर साकेत, या शनिवारी ये. खडवलीला, चार वाजता. शिमग्यामुळे मयूरदादाने पाहुणे ठेवलेले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात तो मांडव उतरवणार आहे, म्हणून याच शनिवारी. गाडी आणू नकोस, ठाण्याहून कसाऱ्याची गाडी धर, सकाळीच निघ, हवं तर येऊन झाडाखाली झोप. फाटकाजवळ पान दिसेल, ते ओलांडू नकोस, वळसा घालून आत ये. आत्या पानाशेजारी बसलेली असेल, तिच्याशी बोलू नकोस, ती एकटी नसेल. पाटावर जागा नाही असं वाटलं, ओलं लागलं, थंड लागलं, तरी बैस. सरका म्हणू नकोस, सरळ बैस. आणि अंतरपाट दूर झाल्यावर माझ्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. तो मागाहून येईल, येईपर्यंत तू थांब. एकदा माझी वाट तू बघ. गेल्या शनिवारी घरी परतल्यावर माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मला तुझी आठवण एकदाही आली नव्हती, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. तू शनिवारी आला नाहीस तर मी रडणार नाही, रागावणार नाही. मी पाटावर बसेन, मान वर करेन आणि फार समाधानात असेन. ते समाधान मला नको आहे. आज सकाळी डोळे उघडले तेव्हा तू आठवलास, तुझा फोन येईल का म्हणून जीव थोडा खालीवर झाला, आणि मी लगेच कागद घेऊन बसले. उद्या सकाळी तसं होईलच याची मला खात्री नाही.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
संचिता